पुन्हा सांगा, मी ऐकतोय

सावे सरांना रस्ता विचारू नये, हे आमच्या स्टाफरूममध्ये नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. 'स्टेशनवरून उजवीकडे वळा, मग दुसरं घर' असं ते कधी सांगतच नसत. ते म्हणत, "तुम्ही डहाणू रोड स्टेशनच्या बाहेर उभे आहात. समोर रिक्षा आहेत. पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतोय. पूर्वेकडून वडे तळल्याचा वास येतोय. काय कराल?"

विचारणारा वैतागून म्हणे, "अहो सर, मला तुमच्या घरी यायचंय."

"मग वडा खाऊन पश्चिमेला या," सर शांतपणे सांगत. आणि माणूस बरोबर पोचे, हेही खरं.

दिगंबर सावे आमच्या तलासरीच्या शाळेत भूगोल शिकवत. मी मराठी शिकवायला तिथं रुजू झाले तेव्हा आम्ही दोघंही डहाणूहून एसटीने जायचो. आशागड, चारोटी, मग हायवेने ट्रकच्या रांगेतून तलासरी. सडपातळ माणूस, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात माउथ ऑर्गन. त्याच्या वजनाने खिसा कायम एका बाजूला लोंबलेला. पहिल्या आठवड्यात ते माझ्या शेजारी बसले, नमस्कार-चमत्कार झाले आणि त्यांनी एकदम विचारलं, "बाई, तुमच्यासमोर एक बंद दार आहे. काय कराल?"

मला वाटलं, हा एखादा शैक्षणिक उपक्रम असावा. मी म्हटलं, "कडी वाजवीन."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. आशागड आलं, गेलं. मी काही वावगं तर बोलले नाही ना, असं मला वाटायला लागलं. मग ते म्हणाले, "गेली कित्येक वर्षं मी लोकांना हे विचारतोय. कुणी दार ढकलतं, कुणी लाथ मारतं, कुणी किल्ली शोधतं. आत कुणी माणूस असेल असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्यासुद्धा आलं नव्हतं. आता आत कुणालातरी बसवावं लागणार."

अशी मला त्यांच्या छंदाची ओळख झाली. सर संगणकावरचे खेळ तयार करत, पण त्यांत चित्र नसे. नुसते शब्द. पडद्यावर लिहून येई, की तुम्ही अमुक ठिकाणी आहात, समोर विहीर आहे, दोराला गाठ आहे. आपण टाइप करायचं, 'दोर ओढ' किंवा 'गाठ सोड', आणि गोष्ट पुढं जायची. कॉलेजात असताना मुंबईला चुलत भावाच्या ऑफिसात त्यांनी असा एक इंग्रजी खेळ पाहिला होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं, एक गुहा. सरांचं इंग्रजी तेव्हा बेताचं. डिक्शनरी मांडीवर घेऊन ते त्या गुहेत शिरले. "माझं सगळं इंग्रजी गुहेत शिकलेलं आहे," ते सांगत. "त्यामुळे मला कंदील, साखळी, भुयार हे शब्द येतात. बँकेचा फॉर्म मात्र भरता येत नाही."

पुढं रंगीत खेळ आले, हलती चित्रं आली. सरांनी तेही खेळून पाहिले. पण ते म्हणत, "चित्रातला डोंगर चित्रकाराचा असतो हो. नुसतं 'डोंगर' लिहिलं की आमच्या पोरांना महालक्ष्मीचा डोंगर दिसतो, तुम्हाला तुमच्या गावचा दिसेल. मला काही काढावंच लागत नाही." त्यांना असा खेळ मराठीत करायचा होता. आपण बोलतो ते ऐकणारा.

आणि इथं माझा उपयोग सुरू झाला. मराठी माणूस दार किती तऱ्हांनी उघडतो याची मला तोवर कल्पना नव्हती. उघड, उघडा, उघडून बघ, लोट, ढकल, सताड उघड. सर चारोटी येईपर्यंत शब्द मागत.

"'बघ' आणि 'पाहा' यांत फरक काय, बाई?"

मी व्याकरण सांगायला लागले की ते हात वर करत. "ते पुस्तकातलं झालं. या एसटीतला माणूस काय म्हणेल?" आणि मागं वळून खरोखरच एखाद्या भाजीवालीला विचारत. तीही आनंदाने सांगे.

संगीताबद्दलची त्यांची मतं फार कडक होती. खेळांतल्या सुरावटी ते माउथ ऑर्गनवर वाजवत, स्वतःच्या खेळांसाठी नव्या बसवत, मोबाइलवर आवाज गोळा करत हिंडत. किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांतला वारा त्यांच्याकडे तीन-चार ऋतूंतला होता आणि तो वेगवेगळा ऐकू येतो असा त्यांचा दावा होता. पण मुख्य राग त्यांना एकाच गोष्टीचा यायचा. खेळणारा कुठं अडकला की पाठीमागे तेच तेच संगीत फिरत राहतं, याचा. "अडकलेल्या माणसाच्या कानाशी बँड कशाला लावायचा? तो विचार करतोय ना? मग सुरांनी थांबायला पाहिजे. वाट पाहायला पाहिजे." त्यांच्या खेळात तसंच होई. तुम्ही घुटमळलात की सूर हळूहळू विरून जात. घाई कुणालाच नसे.

दुसरा नियम म्हणजे खेळाने 'चूक' असं म्हणायचं नाही. एकदा त्यांनी सातवीच्या वर्गाला संगणक खोलीत नेलं. पाड्यांवरची मुलं. घरात वारली बोलणारी, बाजारात मराठी, नाक्यावर गुजराती. पोरांनी धडाधड टाइप केलं आणि पडद्यावर पुन्हा पुन्हा एकच ओळ उमटायला लागली, 'चुकीची आज्ञा.' थोड्या वेळाने एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमचं नाय चुकत. याला बोलता येत नाय."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते तिच्याजवळ गेले, तिने काय लिहिलं होतं ते वाचलं, त्याचा अर्थ विचारला आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे. याला शिकवू या." पुढच्या महिनाभर मधल्या सुटीत मुलं येऊन त्यांना घरचे शब्द सांगत. आणि 'चुकीची आज्ञा' ही ओळ सरांनी काढून टाकली. तिच्या जागी आलं, 'कळलं नाही. पुन्हा सांगा, मी ऐकतोय.'

आमचे मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "सावे, यंत्र कुठं ऐकतं?"

"यंत्र नाही, सर. लिहिणाऱ्याने आधी ऐकून ठेवलेलं असतं," सावे सर म्हणाले.

या सगळ्याकडे एक व्यक्ती अजिबात आदराने पाहत नव्हती. त्यांच्या पत्नी, सिंधूताई. मी पहिल्यांदा त्यांच्या मसोलीकडच्या घरी गेले तेव्हा ओटीवरच्या झोपाळ्यावर बसवून त्यांनी मला जे बोलायला सुरुवात केली ते मी चपला घालीपर्यंत. सिंधूताईंचं माहेर उंबरगावचं, शाळा गुजराती. डहाणूला सून म्हणून आल्या आणि मराठी अशी उचलली की भांडण मराठीत, हिशेब गुजरातीत आणि डॉक्टरांशी हिंदीत, अशी वाटणीच झाली. बोलणं हाच त्यांचा छंद. चिकूच्या वाडीत काम करणाऱ्या बायकांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या घरची खबर त्यांना असे.

"इतक्या वर्षांची बायको समोर बसलीय, तिच्याशी बोलायचं सोडून हा माणूस डब्याशी बोलतो," त्या मला म्हणाल्या. "आणि डबा काय म्हणतो? कळलं नाही म्हणतो. हे तर मी याला फुकटात म्हणते."

सर माउथ ऑर्गन पुसत हसत होते.

ज्या वर्षी सर निवृत्त झाले त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर सिंधूताई करंज्या लाटत होत्या. लाटणं हातातून निसटलं. उचलायला गेल्या तर हात उठेना. सरांना हाक मारायला गेल्या, तर तोंडातून आला नुसता आवाज. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला होता. त्या वाचल्या, काही आठवड्यांनी काठी घेऊन चालायला लागल्या. पण शब्द गेले. सगळं कळायचं, चेहऱ्यावर सगळं उमटायचं, आणि बोलायला गेलं की एकच शब्द बाहेर यायचा, "तेच."

चहा हवा? "तेच." नको? "तेच." मी भेटायला गेले तर माझा हात धरून त्या काहीतरी तळमळून सांगत राहिल्या, "तेच… तेच, तेच." तीन भाषांत संसार केलेल्या बाईकडे एक शब्द उरला होता, आणि तोही तिला नको होता. बोलताना त्यांना स्वतःलाच तो ऐकू यायचा आणि त्या कपाळावर हात मारायच्या.

वापीला वाचा-उपचार करणाऱ्या एक तरुण मॅडम होत्या. चांगल्या होत्या. त्यांनी चित्रांची कार्डं दिली. केळं, बस, छत्री. सर एकेक कार्ड पुढं धरत. दुसऱ्याच दिवशी सिंधूताईंनी गठ्ठा हिसकावून ओटीवरून खाली अंगणात भिरकावला. मी तिथंच होते. सर अंगणात वाकून कार्डं गोळा करत राहिले. वर आले तेव्हा म्हणाले, "बरोबर आहे तिचं. साठीला आलेल्या बाईला कुणी केळं दाखवून 'हे काय' विचारतं का? केळं काय ते तिला माहीत आहे. आणि मला माहीत आहे हेही तिला माहीत आहे. मग सांगायचं कशाला?"

त्या हिवाळ्यात सरांनी खेळ बंद केले. लॅपटॉपवर कापड टाकलेलं असे. माउथ ऑर्गन मात्र ते वाजवत, बहुधा स्वतःसाठी. एका दुपारी ते वाजवता वाजवता सिंधूताईंच्या माहेरच्या एका लग्नगीताच्या चालीवर आले आणि झोपाळ्यावरून आवाज आला. सिंधूताई गात होत्या. शब्दांसकट. अडखळत, पण खरे शब्द. सरांनी वाजवणं थांबवलं आणि शब्दही थांबले. "तेच," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

वापीच्या मॅडमनी सांगितलं, असं होतं, गाणं डोक्यात वेगळ्या घरात राहतं. त्यावर फार आशा बांधू नका, असंही त्या म्हणाल्या.

सरांनी मला फोन केला. आवाजात पूर्वीची धार होती. "बाई, वेगळं घर असेल तर त्या घराला दार असणार की नाही?"

त्यांनी लॅपटॉपवरचं कापड काढलं.

सिंधूताईंसाठी केलेला पहिला खेळ फसला. सर जातीचे कोडी घालणारे. त्यांनी किल्ली पिठाच्या डब्यात लपवली, डबा माळ्यावर ठेवला, माळ्याची शिडी गोठ्यात. सर वाचून दाखवत, सिंधूताईंनी जमेल ते म्हणायचं, सर ते टाइप करणार. त्या शिडीपर्यंतही पोचल्या नाहीत. तोंड फिरवून बसल्या. सरांनी मला ते सांगितलं तेव्हा ते खचलेले नव्हते, लाजलेले होते. "मी तिला परीक्षेला बसवलं हो. कार्डांत आणि यात फरक काय राहिला?"

मग त्यांनी सगळी कोडी काढून टाकली. ज्या माणसाने आयुष्यभर कोड्यांवर प्रेम केलं त्याने एकेक कुलूप उघडून ठेवलं. मी विचारलं, "कोडं गेल्यावर खेळ उरतो का, सर?"

"जागा उरते," ते म्हणाले. "माणसाला हिंडता येतं. खरं सांगू का? मी त्या पहिल्या गुहेत कोड्यांसाठी गेलोच नव्हतो. तिथं मी एक मोडका शब्द टाकला तरी गुहा मला उत्तर द्यायची, त्यासाठी जायचो. मुंबईत मला दुसरं कोण उत्तर देत होतं?" मग म्हणाले, "आणि बघा ना, या खेळात सगळेच एका शब्दात बोलतात. 'जा.' 'घे.' 'बघ.' तिथं सिंधू आजारी दिसतच नाही."

नवा खेळ म्हणजे एक घर होतं. त्यांचं स्वतःचंच. ओटी, माजघर, विहीर, चिकूची झाडं. प्रत्येक जागेला एक सुरावट, माउथ ऑर्गनवर वाजवलेली. सूर चालत राहत आणि एका जागी, समेवर यायच्या जरा आधी, थांबत. तिथं शब्द घालायचा. घातला नाही तरी चालेल. खेळ वाट पाहणार.

होळीच्या आसपास मी एका दुपारी गेले होते. सिंधूताई झोपाळ्यावर, सर खुर्चीत, लॅपटॉप स्टुलावर. सर वाचत होते, "तुम्ही ओटीवर आहात. ऊन पायापर्यंत आलंय. आढ्याच्या कड्या करकरतायत. तुम्ही कशावर बसलाय?" सूर चालू झाले, आणि थांबले.

सिंधूताईंचे ओठ हलले. "ते…" त्यांनी मान झटकली. पायाने हलकेच झोका घेतला. परत झोका घेतला.  शब्द माझ्या जिभेवर होता. सर मात्र पडद्याकडे बघत निवांत बसलेले, जणू सगळी दुपार आपलीच आहे.

"हिंचको," सिंधूताई म्हणाल्या.

झोपाळ्याला गुजरातीत हिंचको म्हणतात. सासरी आल्यापासून त्यांनी हा शब्द कधी वापरला असेल असं मला वाटत नाही.  सरांनी तो शब्द जसाच्या तसा टाइप केला आणि बटण दाबलं. खेळाला फक्त 'झोपाळा' ठाऊक होता. पडद्यावर उमटलं, 'कळलं नाही. पुन्हा सांगा, मी ऐकतोय.'

सरांनी ते वाचून दाखवलं. 

सिंधूताई भडकल्या. कित्येक महिन्यांनी मी त्यांना मनापासून रागावलेलं बघत होते. त्यांनी डाव्या हाताने झोपाळ्याच्या फळीवर थाप मारली आणि त्या डब्याला ठणकावून सांगितलं, "हिंचको! हिंचको! हिंचको!"

"कळलं," सर म्हणाले. "याला नाही कळलं. मला कळलं." आणि दोघंही हसायला लागली. सर डोळे पुसत हसत होते, सिंधूताई थांबता थांबता परत "हिंचको" म्हणून हसत होत्या. मी आत जाऊन चहा ठेवला. तेवढंच मला सुचलं.

पुढचे काही महिने सर रोज उंबरगावला मेव्हण्याला फोन करून शब्द मागायचे. दार म्हणजे बारणुं, विहीर म्हणजे कूवो. मेव्हणा विचारी, "बनेवी, गुजराती परीक्षेला बसताय का?" खेळाला गुजराती यायला लागलं. सिंधूताई आधी माहेरच्या शब्दाने घरात शिरायच्या आणि काही दिवसांनी सासरचा शब्द मागून यायचा, कधी दोन्ही चिकटून. सर दोन्ही चालवून घेत. वाईट दिवसही पुष्कळ आले. काही दिवस 'तेच' परत यायचं आणि मुक्काम करायचं. सर त्या दिवशी लॅपटॉप मिटवून नुसतं वाजवत. मी कधी "आज किती शब्द?" असं विचारलं तर त्यांना आवडायचं नाही. "मोजत नाही हो मी. ती हिंडतेय ना घरात, बस."

वापीच्या मॅडमनी खेळ पाहिला आणि आपल्या दुसऱ्या एका पेशंटसाठी मागितला. सरांनी दिला नाही. ते आधी त्या पेशंटच्या घरी गेले. तलासरीजवळच्या एका गावातले आजोबा, भातशेती करणारे. सर त्यांच्या खळ्यावर बसून आले, घरच्यांचं बोलणं ऐकून आले, तिथल्या कोंबड्यांचा आणि नाचात वाजणाऱ्या तारप्याचा आवाज मोबाइलवर घेऊन आले, आणि मग त्यांच्यासाठी वेगळा खेळ लिहिला. "दुसऱ्याच्या घरात त्यांना शब्द कसे सापडतील?" असं त्यांचं म्हणणं. अजूनही ते असेच एकेक घर लिहितात. वेळ लागतो. वापीच्या मॅडम घाई करतात, सर करत नाहीत.

मागच्या वर्षी मीही निवृत्त झाले आणि नाशिकला मुलीकडे जायचं ठरलं. निघण्याआधी सुकट घ्यायला चिंचणीला गेले होते. सकाळची वेळ, होड्या लागलेल्या, वाळूवर बांबूच्या मांडवांना बोंबील टांगलेले. गर्दीत मला सिंधूताईंची काठी दिसली. त्या एका कोळणीसमोर उभ्या होत्या. दोन पावलं मागं सावे सर, हातात रिकामी पिशवी.

"काय देऊ मावशी? बोंबील?" कोळणीने विचारलं. सिंधूताईंनी मान हलवली. "मांदेली? बांगडा?"

"ना."

"मंग काय ते सांग ना."

सिंधूताईंना सांगायचं होतं. शब्द कुठंतरी जवळच असावा, कारण त्यांचा डावा हात हवेत काहीतरी बारीक, वाकडं दाखवत होता. मागं दोन बायका उभ्या होत्या, त्यातली एक चुळबुळली. सरांना शब्द माहीत होता. इतकी वर्षं दर रविवारी तेच आणत आलेला माणूस. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी ओठ घट्ट मिटले, हळूच मान वळवली आणि होड्यांकडे बघत उभे राहिले.

कोळणीनेही हातातला कोयता पाटावर ठेवला. मला हाक मारावीशी वाटली, पण मी मारली नाही.

"क…" सिंधूताई म्हणाल्या. "क… करंदी."

"करंदी व्हय! हाय ना." कोळणीने ओलं गोणपाट बाजूला सारलं.

"ताजी," सिंधूताई म्हणाल्या. मग काठी वाळूत रोवून, "कालची ना."

"आजची हाय गं बाय, बघ." कोळणीने ती बारीक कोळंबी ओंजळभर काढली. सर पुढं झाले आणि त्यांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. कोळणीने ओतलं आणि विचारलं, "झाला?"

सिंधूताईंनी पिशवीत वाकून पाहिलं.

"अजून," त्या म्हणाल्या.